संगीत नाटक : एका प्रेक्षकाची बाजू

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या निमित्ताने संगीत आणि गद्य नाटकांविषयी मी चार शब्द बोलावेत, असा निरोप घेऊन चिटणीस माझ्या घरी आले, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितले की, आपण पत्ता चुकलात. मी नट नाही, गायक नाही, समीक्षक तर नव्हेच. आपल्या सयाजीराव विद्यापीठात नाट्यशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. या विषयाचे जाणकार तेथे आहेत. माझी सारी हयात हिशेबाच्या वह्यांत गेली. त्यावर चिटणीस म्हणाले, "जाणकार नेहमीच बोलतात. तिकीट काढून येणाऱ्याला मात्र कुणी विचारीत नाही." हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. तिकिटे मी पुष्कळ काढलेली आहेत. तेव्हा आज जे सांगणार आहे, ते खुर्चीत बसून पाहिलेले आणि बसल्या बसल्या मनात आलेले आहे, एवढे ध्यानात घेऊन ऐकावे, ही विनंती.

प्रथम एक जुना गुन्हा कबूल करतो. तो याच वास्तूत घडलेला असल्यामुळे येथेच कबूल केलेला बरा.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होतो आणि त्या वयात मते फार ठाम असतात. माझे मत असे होते की, संगीत नाटकातली पदे ही नाटकाला झालेली व्याधी आहे. १९३३ साली मुंबईस 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आले आणि नाट्यमन्वंतराने मराठी नाटकाला नवे वळण दिले, हे मी वाचले होते. इब्सेनचे नाव घेता येऊ लागले होते. नायिका संकटात असताना पेटीवाल्याकडे पाहून सूर लावते, हा प्रकार मला हास्यास्पद वाटे. आमच्या वाड्याच्या गणेशोत्सवात त्या वर्षी 'एकच प्याला' करावयाचे ठरले. मी सुचविले की, पदे सगळी गाळू या. गाणारे कुणी नव्हतेच, त्यामुळे सूचना तत्काळ मंजूर झाली. मग मी या ग्रंथालयातून 'एकच प्याला'ची प्रत नेली आणि तिच्यातल्या प्रत्येक पदावर शिसपेन्सिलीने ठळक फुली मारली. पुस्तक परत करताना ग्रंथपालांनी ते उघडून पाहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी खणातून एक खोडरबर काढले आणि समोरच्या बाकाकडे बोट दाखविले. त्या बाकावर मी दीड तास पदे परत जिवंत करीत बसलो होतो. काही फुल्या नीट पुसल्या गेल्या नाहीत. ती प्रत अजून कपाटात आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पाहावी.

ज्या नाटकावर मी हा प्रयोग केला, त्याचे आणि आपल्या गावाचे नाते काय आहे, ते तेव्हा मला ठाऊक नव्हते. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी केला, तो पुण्यास नव्हे, मुंबईस नव्हे, तर बडोद्यास. नाटककार तो पाहावयास नव्हते. राम गणेश गडकरी त्याआधी अठ्ठावीस दिवस, २३ जानेवारीस वारले होते. त्यांच्या वयाला चौतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गडकऱ्यांचा जन्म नवसारीचा, म्हणजे गायकवाडी मुलखातला. बालपण गुजरातेत गेले आणि पहिली अक्षरे त्यांनी गुजराती शाळेत गिरवली. ज्या माणसाच्या मराठीला पुढे साऱ्या महाराष्ट्राने मुजरा केला, तो मनुष्य शाळेत गुजराती शिकलेला होता. आपली नातवंडे मराठी शाळेत जात नाहीत म्हणून आपण येथे अधूनमधून सभा घेतो, त्या वेळी ही गोष्ट कुणी तरी सांगावयास हरकत नाही.

या नाटकाची पदे गडकऱ्यांच्या हातची नाहीत. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. हे कळले तेव्हा मला मोठाच आनंद झाला होता. नाटककाराने लिहिलेले नाटक वेगळे आणि मागाहून जोडलेली पदे वेगळी. मग मी फुल्या मारल्या त्यात पाप ते काय? शिवाय आणखी एक मुद्दा मला सापडला होता. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. भरजरी शालूंसाठी ज्यांची ख्याती, त्या नटाने या नाटकात फाटके लुगडे नेसून जात्यावर बसावयाचे. घरात दाणा नाही, नवरा दारूत बुडालेला, पाळण्यात मूल. आणि अशा बाईने ऑर्गन-सारंगीच्या साथीवर गावयाचे आणि लोकांनी 'वन्स मोअर' म्हणून ओरडावयाचे! याहून विसंगत काय असू शकते, असे मी त्या दिवसांत ज्याला त्याला विचारीत असे.

आमचा गणेशोत्सवातला प्रयोग तसा बरा झाला. मी पडद्याआड प्रॉम्प्टिंगला होतो. सुधाकराचे काम करणाऱ्या गृहस्थांना सनद जाण्याच्या प्रसंगानंतरचे लांबलचक भाषण मध्येच आठवेना, आणि माझ्या हातून दोन पाने एकदम उलटली गेली. तेवढ्यात समोर बसलेल्या दोन-तीन वृद्धांनी ते वाक्य मोठ्याने पुरे केले. बडोद्याचा प्रेक्षक तेव्हा असा होता. त्याला नाटक पाठ होते. तो पाहावयास येई ते आपण चुकतो कोठे ते.

प्रयोग संपल्यावर मी मोठ्या उत्साहाने आजीकडे गेलो. ती पुढच्या सतरंजीवर बसली होती. मी विचारले, "कसं झालं?" ती म्हणाली, "चांगलं झालं रे. पण तुम्ही रडायला वेळच दिला नाहीत."

मला वाटले, ती जुन्या वळणाची असल्याने तिला पदे हवी होती. तसे मी तिला म्हणालोही. त्यावर तिने जे सांगितले, ते आमच्या घरात मोठ्याने कधी बोलले जात नसे.

आजीने 'एकच प्याला' गंधर्व मंडळीचाच पाहिला होता, बडोद्यातच. तो पहिला प्रयोग होता असे मी म्हणणार नाही. आजीला तारखा ठाऊक नसत, 'तुझ्या बाबांच्या जन्माआधी' एवढेच ती सांगे. तिच्याबरोबर तिची धाकटी जाऊ होती. आमचे हे धाकटे आजोबा सरकारी नोकरीत होते, अक्षर सुरेख, माणूस लाघवी, आणि संध्याकाळ झाली की प्यायचे. आज आपण ज्या राज्यात राहतो, तेथे दारूबंदी आहे. तेव्हा तसे काही नव्हते. एकत्र कुटुंबातले सारे जण ही गोष्ट जाणून होते आणि कुणीच जाणत नाही असे सर्वांनी ठरवून टाकले होते. त्या घरात धाकटीला रडावयाची सोय नव्हती. रडली तर सासूबाई विचारणार, काय झाले? आणि काय झाले ते तर सांगावयाचे नाही.

नाटकाला जाताना तिला गोष्ट काय आहे याची कल्पना नव्हती. बालगंधर्वांचे नवे नाटक आहे, एवढेच ठाऊक. बायकांच्या बाजूला दोघी बसल्या होत्या. आजी म्हणाली, "बोलणं चाललं होतं तोवर ती दगडासारखी बसली होती. शब्द ऐकावे लागतात ना, नाही तर पुढचं कळत नाही. मग सिंधू गाऊ लागली. गाण्यात पुढचं काही घडायचं नसतं. तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि रडून घेतलं. सगळ्याच रडत होत्या, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं."

मी विचारले, "आणि वन्स मोअर झाला तेव्हा?"

आजी हसली. "तेव्हा तिने डोळे पुसले आणि म्हणाली, वहिनी, आता गाणं ऐकू या."

मंडळी, संगीत नाटकावर त्यानंतर मी पुष्कळ वाचले. त्या धाकट्या आजीने एका वाक्यात जे सांगितले, ते मला इतक्या नेमकेपणाने कुठे मिळाले नाही. पहिल्यांदा गाते ती सिंधू. दुसऱ्यांदा गातात ते बालगंधर्व. दोघांचेही गाणे त्या बाईला हवे होते, पण दोन वेगळ्या कारणांसाठी, आणि कुणाचे कोणते हे तिला बरोबर ठाऊक होते. मी मात्र पुस्तकी शहाणपणाने असे समजून चाललो होतो की, गाण्यात कथानक पुढे सरकत नाही, म्हणून ते निरुपयोगी. कथानक थांबते, म्हणूनच तर ते उपयोगी! गद्य नाटक आपल्याला सतत कामाला लावते. कोण काय म्हणाला, का म्हणाला, पुढे काय होणार. पदाने ते काम थांबते आणि जे घडले ते अंगात उतरावयास जागा मिळते.

आता याची दुसरी बाजूही मला सांगितली पाहिजे, नाही तर मी एका टोकावरून उठून दुसऱ्या टोकावर जाऊन बसलो, असे होईल. आमचे सख्खे आजोबा बालगंधर्वांचे निस्सीम भक्त. घरात त्यांच्या ध्वनिमुद्रिका होत्या, त्या ते स्वतःच्या हाताने पुसून ठेवीत. 'स्वयंवर', 'मानापमान', 'एकच प्याला', साऱ्या नाटकांची पदे त्यांना मुखोद्गत होती. पण एकदा मी त्यांना विचारले की, 'मानापमाना'त लक्ष्मीधर कोण? तर ते काही वेळ विचार करून म्हणाले, "असेल कुणी तरी." त्यांनी ते नाटक किती वेळा पाहिले होते, देव जाणे. त्यांच्यासारखे रसिक गावोगाव होते आणि संगीत नाटक जसे वाढले ते त्यांच्यामुळे, तसे झिजलेही त्यांच्यामुळेच. पाच-पाच, सात-सात वन्स मोअर. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत. दोन पदांच्या मधले बोलणे म्हणजे तंबोरे जुळविण्यापुरता अवकाश. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला, मराठी चित्रपट बोलू आणि गाऊ लागला, आणि तीन तासांत, कमी पैशांत तीच हौस भागू लागली. नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या, थिएटरांची चित्रपटगृहे झाली. याचा सारा दोष बोलपटांवर टाकण्याची आपली पद्धत आहे. मला तो दोष थोडा आजोबांच्या खुर्चीकडेही सरकवावासा वाटतो.

बडोद्याने या संगीताला काय दिले, हे या निमित्ताने सांगावयास हवे, कारण आपण ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावयाची वाट पाहत बसतो. सयाजीराव महाराजांनी गंधर्व मंडळीला आश्रय दिला, हे सर्वश्रुत आहे. परंतु धागा त्याहून खोल जातो. 'स्वयंवर' हे नाटक १९१६ सालचे. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. हे भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीत होते. पुढे गाणे शिकावयास ते बडोद्यास आले आणि फैज महंमदखाँसाहेबांच्या पायाशी बसले. म्हणजे 'स्वयंवरा'तल्या रुक्मिणीच्या गळ्यात जे गाणे आहे, त्याची काही शिदोरी येथल्याच गल्लीबोळांतून गेलेली आहे. मौलाबक्षांनी महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली येथे गायनशाळा काढली होती. दरबारच्या कलावंत कारखान्यात अब्दुल करीमखाँ होते. ते येथून ताराबाई मान्यांसह निघून गेले, ही हकीकत आपण सारे जाणतो. त्यांच्या कन्येने पुढे आडनाव लावले ते बडोदेकर. हिराबाई जन्मल्या मिरजेस, वाढल्या अन्यत्र, पण गावाचे नाव त्यांनी आयुष्यभर वागविले. कुलीन स्त्रीने रंगमंचावर उभे राहावे की नाही, याचा काथ्याकूट चालू असताना हिराबाई स्वतःची नाट्यसंस्था काढून उभ्या राहिल्या. पुरुषाने लुगडे नेसण्यातली कला मोठी होती, हे मला मान्य आहे. पण ती गेली याची हळहळ मला कधी वाटली नाही.

गुजराती रंगभूमीवरही अगदी हेच घडत होते आणि आपण शेजारी राहूनही तिकडे पुरेसे पाहिले नाही, अशी माझी तक्रार आहे. बालगंधर्वांच्याच पिढीतले जयशंकर भोजक. ऑथेल्लोच्या आधाराने लिहिलेल्या 'सौभाग्यसुंदरी'त १९०१ साली त्यांनी सुंदरीची भूमिका केली आणि 'सुंदरी' हेच त्यांचे नाव झाले. तेथेही गाणी, तेथेही वन्स मोअर, तेथेही रात्र सरत असे. १९३२ साली सुंदरी निवृत्त होऊन विसनगरला जाऊन राहिले, आणि कित्येक वर्षांनी अहमदाबादेस परत उभे राहून त्यांनी भवाईच्या अंगाने 'मेना गुर्जरी' बसविले. जुन्या गाण्याला त्यांनी जुन्या मखरात ठेवले नाही; ते आणखी मागे, लोकांच्या चौकात नेले. आपल्याकडे असे काही होण्यास १९७०चे दशक उजाडावे लागले. त्याकडे मी येतोच.

मधल्या काळाविषयी थोडक्यात बोलतो. रांगणेकरांच्या 'कुलवधू'त, १९४२ साली, पदे लहान झाली, ज्योत्स्नाबाई भोळे नायिका होत्या आणि गाणे भावगीताच्या मापात आले. ते मला आवडते, पण त्यावर अधिक सांगण्यासारखे माझ्याजवळ नाही. विद्याधर गोखल्यांची नाटके मी पाहिली. ती गाण्यासाठी होती आणि गाणे चांगले होते.

'कट्यार काळजात घुसली' ही मात्र वेगळी गोष्ट. १९६७ सालचे दारव्हेकरांचे हे नाटक, अभिषेकींचे संगीत, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. गाणे हाच येथे झगडा आहे. घराणे कुणाचे, गुरूने विद्या कुणाला द्यावयाची, चोरून ऐकलेले गाणे आपले होते का, हे प्रश्न गाऊनच सुटतात किंवा बिघडतात. यातले पद काढून टाका म्हणण्याची माझ्या पेन्सिलीची प्राज्ञा नव्हती. बडोद्याच्या प्रेक्षकाने या नाटकाला आपल्या घरचे मानले, असा माझा अनुभव आहे. ज्या गावात फैयाजखाँसाहेब राहिले, गायले आणि १९५० साली येथेच निवर्तले, त्या गावाला राजगायकाचे मानापमान कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ मध्यंतरात म्हणाले होते, "हे नाटक नव्हे, हा आमच्या गल्लीतला जुना तंटा आहे."

आता गद्य नाटकाचे घ्या. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली आले. डॉक्टर लागू बेलवलकर. हे नाटक गद्य असे आपण म्हणतो. मला ते संगीत नाटकच वाटते, फक्त त्यात पेटी नाही. त्यातली स्वगते पदांच्याच जागी येतात. प्रेक्षक त्यांची वाट पाहत बसतो, आली की सावरून बसतो, कथानक तेवढ्यापुरते थांबते, आणि मनातल्या मनात वन्स मोअरही देऊन होतो. माझ्या पिढीतल्या किती तरी म्हाताऱ्यांनी घरात जे बोलता येत नव्हते, ते त्या स्वगतांत रडून घेतले आहे. धाकट्या आजीची सोय शिरवाडकरांनी सूर न लावता केली.

याच्या उलट उदाहरण पु. लं.च्या 'ती फुलराणी'चे. शॉचे 'पिग्मॅलियन' अमेरिकनांनी हाती घेतले आणि १९५६ साली न्यूयॉर्कला त्याची संगीतिका केली, 'माय फेअर लेडी'. साऱ्या जगाने ती डोक्यावर घेतली. पु. ल. स्वतः पेटी वाजविणारे, चाली बांधणारे. त्यांना तो मोह किती सहज झाला असता! १९७५ साली त्यांनी फुलराणी आणली ती संगीतिका करून नव्हे. ते नाटकच मुळी बोलण्याविषयी आहे. कुणाची भाषा शुद्ध, कुणाची अशुद्ध, हे ठरविणारा कोण? तेथे प्रत्येक वाक्याचा हेल हेच संगीत. भक्ती बर्वे बोलत असताना कुणी साथीला पेटी धरली असती, तर मी उठून गेलो असतो. हेच 'पिग्मॅलियन' मधु रायांनी गुजरातीत 'संतु रंगीली' म्हणून आणले, सरिता जोशींनी ते गाजविले. मला दोन्ही पाहावयास मिळाली. बडोदेकर असण्याचा हा एक फायदा असतो आणि तो आपण फारसा बोलून दाखवीत नाही. आपल्या मराठीला पुण्यात हसतात आणि आपल्या गुजरातीला अहमदाबादेत. त्यामुळे फुलराणीची बाजू आपल्याला लवकर कळते.

'घाशीराम कोतवाला'ने मला काही काळ फार त्रास दिला. १९७२ साली ते पुण्यास रंगभूमीवर आले. मी ते नंतर पाहिले. आमच्या घरात पेशवाईचा अभिमान होता, आणि मी रागावूनच घरी परतलो. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा राग कमी होता, म्हणून ऐकू आले. ब्राह्मणांची ती भिंत गाते, डोलते, वाकते. तिच्याआड काय चालले आहे ते दिसते आणि दिसत नाही. भास्कर चंदावरकरांचे संगीत इतके गोड की, आपला पाय कधी ताल धरू लागला ते समजत नाही. आणि मग ध्यानात येते की, आपण ज्याच्यावर ताल धरला, ते एक भयंकर कृत्य आहे. सिंधूचे पद प्रेक्षकाला वेळ देत होते. येथे तेंडुलकर आणि जब्बार पटेल तो वेळ काढून घेतात. विचार करावयास क्षण मिळाला असता, तर आपण त्या भिंतीत सामील झालो नसतो. गाण्याचा असा उपयोग होऊ शकतो, हे मी पेन्सिल हातात घेतली तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हते. आळेकरांच्या 'महानिर्वाणा'तल्या कीर्तनाविषयीही असेच काही बोलता येईल, पण घड्याळ पुढे सरकते आहे.

आता थोडे आजचे. बडोद्यास मराठी नाटक येते ते बहुधा मुंबईहून. कंपनीची बस वाटेत अडकली की प्रयोग तासभर उशिरा; आपण गांधीनगरगृहाच्या आवारात चहा पीत उभे. नाटक कोणते येणार ते आपण ठरवीत नाही. खर्च निघेल असे, ओळखीच्या चेहऱ्यांचे, बहुधा विनोदी नाटक येते. मला विनोदी नाटकाचे वावडे नाही. पण पाच-सहा नाटकांत एखादे तरी असे असावे की, जे पाहून घरी जाताना रिक्षात कुणी बोलणार नाही. आणि आपणही काही कमी नाही. संगीत नाटकाचा प्रयोग लावला की आपल्यातले निम्मे जण बालगंधर्वांची आणि समोरच्या पोराची तुलना करावयास येतात. मीही बालगंधर्व पाहिलेले नाहीत. ते १९६७ साली गेले, आणि माझ्या कानांवर आहेत ती आजोबांच्या तबकड्यांतली तीन-तीन मिनिटे. ज्यांना आपण पाहिलेच नाही, त्यांच्या नावाने नव्या गायकनटाला नापास करण्याचा आपल्याला काय अधिकार आहे, ते मला कळत नाही.

माझी नात येथे जन्मली, इंग्रजी शाळेत शिकली. मैत्रिणींशी गुजरातीत बोलते, माझ्याशी मराठीत, आणि मराठीत बोलताना क्रियापदे कुठली वापरील याचा नेम नसतो. काही वर्षांपूर्वी मुंबईस गेलो असताना मी तिला 'संगीत देवबाभळी' पाहावयास नेले. प्राजक्त देशमुख या तरुण लेखकाचे हे नाटक २०१७ साली रंगभूमीवर आले. रंगमंचावर दोनच बायका. एक तुकोबांची आवली आणि दुसरी प्रत्यक्ष रखुमाई. आवलीच्या पायात काटा मोडला आहे. दोघी बोलतात आणि गातात, आपापल्या नवऱ्यांविषयी. मला धास्ती होती की, पोरीला यातले काय कळणार? ती भाषा देहूची, संवाद भराभर येणारे. पहिला अर्धा तास ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. शब्द ऐकावे लागतात, नाही तर पुढचे कळत नाही. मग गाणे सुरू झाले. मी मान वळवून पाहिले नाही, पण ती ओढणीने डोळे टिपीत होती, हे मला समजले.

बाहेर आल्यावर तिने तीन शब्दांचे अर्थ विचारले. गोष्टीविषयी एकही प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर घरी एकदा मी तिला धाकट्या आजीची हकीकत सांगितली. आमच्या घरात ती मोठ्याने सांगितली जाण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. सारे ऐकून घेऊन ती म्हणाली, "आजोबा, मला ते नाटक वाचायचं आहे." म्हणून आम्ही दोघे ग्रंथालयात आलो आणि कपाटातून तीच प्रत घेतली. माझ्या फुल्यांचे वळ पाहून तिने कुणाचा हा आगाऊपणा, असे विचारले. मी सांगून टाकले.

ती ते फार सावकाश वाचते आहे. गडकऱ्यांचे वाक्य म्हणजे तिला डोंगर चढण्यासारखे आहे. अर्ध्यावर दम लागतो, मग मागे जाऊन परत सुरुवात करते. पदे मात्र ती वाचीत नाही, माझ्याकडून म्हणवून घेते, आणि माझा गळा कसा आहे ते या सभागृहातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. परवा रात्री ती पुस्तक घेऊन माझ्या खोलीत आली. सिंधूचा भाऊ तिला माहेरी न्यावयास येतो आणि सिंधू नाही म्हणते, तेथवर ती पोहोचली होती. तिने विचारले, "आजोबा, ही जात का नाही?" मी म्हणालो, तो काळच तसा होता. तिने मान हलविली नाही. मग विचारले, "आणि तुमची ती धाकटी आजी? ती का नाही गेली?"

याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. आजही नाही. आजीला मी हे त्या वेळी विचारावयास हवे होते.

नाटकाचे अजून काही प्रवेश उरलेले आहेत. पुस्तक परत करण्याची मुदत मागच्या शनिवारीच उलटून गेली, हे ग्रंथपालांनी आताच मला हळूच सुचविले. दंड मी भरीन. प्रत मात्र तिचे वाचून झाल्यावरच मिळेल.